फळीवरची बाई

फोटोतल्या बाईच्या मागे क्लिफच्या घराचा कठडा होता. मर्नाला आधी कठडा दिसला आणि मग बाई. इतकी वर्षं सिनेमाच्या सेटवर कंटिन्युइटीचं, म्हणजे एका शॉटमधलं सगळं दुसऱ्याशी जुळतंय ना ते बघायचं, काम केलेल्या माणसाचे डोळे असेच होऊन बसतात. माणसाच्या आधी त्याच्या मागचं दिसतं. हिरवा रंग, पोपडे धरलेला, मधला एक गज गायब आणि त्या जागी निळ्या नायलॉनच्या दोरीचे वेढे. हिरवे कठडे जगात पुष्कळ असतील, पण ती निळी दोरी आणखी कुठे असणार? गेल्या रविवारी मर्ना स्वतः तिथे बसून मक्याचं कणीस खात होती, लोणी हनुवटीवरून ओघळत होतं, आणि क्लिफ म्हणाला होता, "ते बर्नबीचं खुराडं सोड आता. इकडेच ये राहायला." त्याच कठड्याला टेकून ही बाई हसत होती. वाऱ्यानं केस तोंडावर आलेले, ते सारायला एक हात उचललेला, पुढचे दात मोठे. चांदीच्या चौकटीत, शेकोटीवरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या देवदाराच्या माळेत, दोन लाल मेणबत्त्यांच्या मधोमध. आणि नाताळच्या या सिनेमांत शेकोटीवरच्या फळीवर चौकटीत एकटी बाई हसत असली की तिचा अर्थ एकच. ती नायकाची गेलेली बायको असते.

म्हणजे ही नोरीन, क्लिफची गेलेली बायको. वर्षभर ज्या बाईचा चेहरा तिनं मनातल्या मनात दहा तऱ्हांनी काढून पाहिला होता, ती अशी, भर सकाळी, माणसांच्या गर्दीत, दिव्यांच्या उजेडात समोर येऊन उभी राहावी! बाहेर जुलै रटरटत होता. आतल्या डोंगरांत वणवे लागलेले, त्यांचा धूर व्हँकुव्हरपर्यंत उतरलेला, आकाश चहासारखं. लँगलीतल्या त्या भाड्याच्या घराच्या अंगणात माणसं पांढऱ्या गाद्या अंथरून त्यांवर कागदाचा बर्फ फवारत होती आणि उघड्या पाठींवरचे डास मारत होती. दिवाणखान्यात नाताळ लागला होता. नायिकेचं काम करणारी टेसा लोकरी स्वेटर घालून बसली होती, स्वेटरच्या आत पाठीला बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या, आणि एक मुलगी तिच्या कपाळावरचा घाम टिपत होती. या सिनेमांत घाम कोणाला येत नाही. पेल्यात कोको नसतो, रिकामे पेले दोन्ही हातांत धरून माणसं ऊब घेतात. नायिका शहरातून येते, तिला गाव आवडत नाही, मग आवडतं. नायकाची बायको गेलेली असते. घटस्फोट झालेला चालत नाही, कारण मग दोष कोणाचा हा प्रश्न येतो. कशानं गेली ते कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. गेली, फळीवर बसली, आणि सिनेमा संपायच्या आत दुसरीला परवानगी देऊन मोकळी झाली. या सगळ्याला मर्ना मनापासून हसायची आणि मन लावून कामही करायची. हरकत कसली? डिसेंबरात तिची यॉर्कटनची मावशी असले सिनेमे एकामागून एक बघते, रडते आणि शांत झोपते. पण आज हसू येईना.

"अगं, तुझी खुर्ची उन्हात आहे, इकडे सरक," क्लिफ मागून म्हणाला. तो या सिनेमाच्या प्रॉपर्टी खात्याचा मुख्य. पेले, चौकटी, मेणबत्त्या, खोटी बिस्किटं, सगळं त्याच्या हातून फळीवर यायचं. उंच, जरा वाकलेला, कमरेला चिकटपट्ट्यांची रिळं लटकणारी. तो पुढे गेला, चौकट उचलली, सदऱ्याच्या टोकानं काच पुसली, दिव्याची चकाकी येऊ नये म्हणून तिच्यावर बारीक फवारा मारला, ती किंचित तिरकी करून ठेवली आणि दोन पावलं मागे येऊन बघत राहिला. मर्नाकडे वळून म्हणाला, "कशी दिसतेय?" आणि चक्क डोळा मारला.

"छान," मर्ना म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिला वाटलं, हा माणूस वेडा आहे, किंवा मी. वर्षभरात या माणसानं तिच्यासमोर बायकोचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. कधी बोलता बोलता "आम्ही त्या वर्षी टोफिनोला" असं तोंडून निघायचं आणि तिथेच थांबायचं. मग तो उठून किटली भरायला जायचा. नोरीन हे नाव मर्नाला शेजारणीकडून कळलं होतं, ती पाच वर्षांपूर्वी आजारी होऊन गेली हेही. पहिल्यांदा ती त्याच्या न्यू वेस्टमिन्स्टरच्या घरी जेवायला गेली, तेव्हा जिन्याच्या भिंतीवर फिकट चौकोन दिसले होते, चौकटी काढल्यावर राहतात तसे. तिच्याऐवजी दुसरी कोणी असती तर लक्षातही आलं नसतं. मर्नाला ते बोचले. पण तिनं काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी विचारलं नाही की दुसऱ्या दिवशी विचारणं अवघड होतं, आणि महिन्यानं तर ते विचारणं म्हणजे भांडणच. त्यानं फोटो का काढले असतील? मर्नाकडे एकच उत्तर होतं. त्याला बघवत नसणार. जिच्याकडे बघवत नाही ती बाई किती असणार! तिच्यानंतर आलेल्या बाईला तो मका भाजून देईल, गाडीचं तेल बदलून देईल, राहायला ये म्हणेल. पण ते सगळं त्या चौकोनांच्या पुढ्यात.

मर्नाच्या लहानपणी असं नव्हतं. यॉर्कटनच्या त्यांच्या युक्रेनी घरात नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला पानं मांडायची तेव्हा एक पान जास्तीचं असायचं, गेलेल्यांसाठी. गहू, खसखस आणि मध घातलेली खीर पहिल्यांदा त्या पानावर. मेलेला आजोबा जिवंत असताना जितका गोंधळ घालायचा तितकाच मेल्यावरही, आई त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणायची, "आता तरी वेळेवर आलात." सगळे हसायचे. लहान मर्नाला मेलेल्यांची भीती कधी वाटली नाही, कारण ते समोर बसलेले असायचे. क्लिफच्या घरात पान नव्हतं, खुर्ची नव्हती, चेहरा नव्हता, आणि म्हणून ती बाई सगळ्या घरभर होती. फडताळ उघडलं की हे हिनं लावलं असेल. उशीला गाल लावला की इथेच हिचा गाल असायचा. राहायला ये या बोलण्यावर मर्ना "बघू" म्हणाली होती, त्याला हेच कारण. लोक म्हणतील, भाड्याचं कारण. व्हँकुव्हरात जुन्या भाड्याची जागा सोडली की पुन्हा मिळत नाही, हे तर शेंबडं पोरही जाणतं. क्लिफलाही तिनं तेच सांगितलं होतं. घरमालकीण मिसेस फंगला महिनाअखेरीच्या आत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"शांतता! घेतोय," हरमीत ओरडली. सेटवरची शिस्त तिच्या आवाजावर चालायची. पंखे बंद झाले. टेसा सोफ्यावरून उठली, फळीपाशी गेली, चौकट उचलली, अंगठा काचेवरून हलकेच फिरवला. "मी तुमची जागा घ्यायला नाही आले," ती फोटोला म्हणाली, आणि तिचा आवाज असा सुंदर ओला झाला की एरवी मर्नानं तोंडात पेन्सिल धरून हसू दाबलं असतं. "मला फक्त त्यांना परत हसताना बघायचंय. मी त्यांना जपेन. चालेल ना तुम्हाला?" मग फळीवरच्या मेणबत्तीची ज्योत फुर्र हलली, म्हणजे हलवली, क्लिफ सोफ्यामागे गुडघ्यांवर बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होता. तो वारा म्हणजे गेलेल्या बायकोचं हो. मर्नाच्या अंगावर काटा आला. कशाचा ते तिलाच कळेना. हा माणूस स्वतःच्या बायकोच्या फोटोला स्वतःच्या हातानं हो म्हणायला लावतोय!

पहिल्यांदा राग आला, आणि तो चांगला कडकडीत आला. मला सांगायला जीभ जड होते आणि साऱ्या देशाला दाखवतो! डिसेंबरात लाखभर बायका सोफ्यावर पाय दुमडून, घोंगडी ओढून या बाईकडे बघतील आणि डोळे पुसतील, माझी मावशी पुसेल, आणि मी, जी हिच्या ताटांत जेवते, हिला अशी चोरून, नोकरीच्या निमित्तानं बघायची! हे असं कसं झालं असेल तेही तिला लख्ख दिसत होतं. फोटोला कागदावर सही लागते. ज्याचा फोटो त्याची, किंवा त्याच्या वारसाची. सहीशिवाय चौकट सेटवर येत नाही. ठरवलेली बाई ऐन वेळी आली नसेल, आणि क्लिफनं घरी जाऊन, कुठेतरी ठेवलेल्या खोक्यातून हा काढला असेल आणि नवरा म्हणून स्वतः सही ठोकली असेल. सोय झाली. की सोय नव्हेच? दुसऱ्या वेळी टेसा म्हणाली, "मी त्यांना जपेन," आणि मर्नाचा राग एकदम बसला आणि खाली जे उघडं पडलं ते रागापेक्षा वाईट होतं. त्याला हे कोणीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मी वर्षभर त्या घरात हिच्याशी एक शब्द बोलले नाही. म्हणून त्यानं तिला इथे आणलं, की इथे तरी कोणीतरी बोलेल. आणि बोलली ती कोण, तर पाठीला बर्फ बांधलेली पंचवीस वर्षांची पोरगी.

आणि तरीसुद्धा ती फोटोतल्या बाईकडे बघतच होती. बघणं हे तर तिचं कामच. किती साधा चेहरा होता! मनातल्या नोरीनची मान लांब होती, ती पियानो वाजवायची, तिचे हात थंड असायचे. या बाईला चांगली दुहेरी हनुवटी होती. सदऱ्याला मातीचे डाग. हसताना एक डोळा दुसऱ्याहून जास्त मिटलेला. हिच्याशी आपलं जमलं असतं, मर्नाला वाटलं. हिच्या शेजारी त्या पायरीवर बसून कणीस खाता आलं असतं, क्लिफच्या तक्रारी सांगता आल्या असत्या. आणि हे वाटलं तशी तिला हुंदक्यासारखी उचकी आली, कारण जमण्याची वेळ गेलेली होती, आणि मरून गेलेल्या, मोठ्या दातांच्या, मातीनं भरलेल्या बाईशी स्पर्धा करता येत नाही. सुंदर बाईवर निदान जळता येतं.

"मर्ना, मोठ्या शॉटमध्ये कोणत्या हातानं उचलली होती?" दिग्दर्शक स्टुअर्टनं विचारलं. आता कॅमेरा जवळ आला होता आणि हात जुळायला हवा होता. मर्ना अजून फोटोकडेच बघत होती. "मर्नाबाई, आज कोणत्या गावाला गेलात?" लोक हसायला तयार झाले, कारण हा विनोदच होता, मर्नाला हात माहीत नाही असं कधी झालंच नव्हतं. तिला पेल्याचा कान कोणत्या दिशेला होता ते आठवतं, बटण कितवं उघडं होतं ते आठवतं. "डावा," ती म्हणाली. डाव्यानं घेतलं. मग पुन्हा लावून बघितलं तर उजवा होता, ढळढळीत उजवा. सगळं परत. टेसाच्या पाठीवरच्या बर्फाचं पाणी झालं होतं, ते बदलेपर्यंत सगळे उकडत उभे. क्लिफनं सोफ्यामागून डोकं वर काढून तिच्याकडे काळजीनं पाहिलं. तिनं मान फिरवली.

जेवणाच्या सुट्टीत ती जेवली नाही. अंगणातल्या कागदी बर्फातून चालत कुंपणापर्यंत गेली. बुटांना पांढरं चिकटलं. धुरात सूर्य संत्र्यासारखा, आणि एक कावळा खोट्या बर्फात चोच घालून घालून शेवटी वैतागून उडून गेला. तिनं मिसेस फंगला फोन लावला.

"मी राहतेय," ती म्हणाली. "सोडत नाही जागा."

"परवा तर म्हणालीस नव्वद टक्के सोडणार!" मिसेस फंग म्हणाली. "भाच्याला मी सांगून ठेवलं की गं. तो खाट घेऊन बसलाय."

"सॉरी."

"भांडलात का?"

"नाही."

"भांडला असतात तर बरं झालं असतं. भांडणं मिटतात." मिसेस फंगनं उसासा टाकला. "बरं बाई, राहा. पण हे पक्कं ना? माझा जीव नको खाऊ परत."

"पक्कं," मर्ना म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला मोकळं वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. चाळिशीत नवऱ्यापासून वेगळी होऊन ती बर्नबीच्या त्या दोन खोल्यांत आली तेव्हा पहिल्या रात्री तिनं जमिनीवर गादी टाकून हातपाय पसरले होते आणि ती स्वतःशीच मोठ्यानं हसली होती. आज त्या खोल्या डोळ्यांसमोर आल्या त्या नुसत्या खोल्या. एक खिडकी, समोर विटांची भिंत. तिथे परत जायचं, आणि रविवारी क्लिफकडे जायचं, आणि मग कधीतरी रविवारीही नाही. हे असंच होत जाणार होतं. तिनं नाक पुसलं आणि कामावर परत गेली. उरलेल्या दिवसात तिनं एकही हात चुकवला नाही.

उजेड असतानाच काम संपलं. तिची गाडी क्लिफच्या दारात होती, त्यामुळे त्याच्याच ट्रकमधून जाणं भाग होतं. मागे चौकटी, खोकी, माळा खडखडत होत्या. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, खाली फ्रेझर नदी धुरात तपकिरी. क्लिफ एकदा म्हणाला, "डोकं दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "धुराचं दुखतं." ती म्हणाली, "असेल." मनात ती वाक्य जुळवत होती. क्लिफ, मी येत नाही राहायला. एवढंच म्हणायचं. कारण विचारलं तर भाडं. तेवढ्यात ट्रकचा फोन वाजला, क्लिफनं बटण दाबलं आणि एका बाईचा खणखणीत आवाज सगळ्या ट्रकभर पसरला.

"काय रे? मेले का मी आज?"

"मेलीस," क्लिफ आनंदानं म्हणाला. "दिवसभर मेलेली होतीस. लोकांना रडू आलं."

"कशानं मेले?"

"ते सांगत नाहीत, तुला माहितेय."

"दर वेळी तेच! या वर्षातलं हे तिसरं मरण माझं, निदान रोग तरी सांगा. इकडे प्रिन्स जॉर्जमध्ये धूर इतका आहे की खरीच मरेन, मग बस फुकटचे फोटो शोधत. आणि दुसरी आणलीस ती कशी आहे? माझ्या नवऱ्यासाठी?"

"बरी आहे. पंचवीस वर्षांची."

"मेल्या! आणि कुठला फोटो लावलास? तो कठड्याचा? अरे, त्यात माझे दात बघ! मी बटाटे खणत होते, हात नुसते मातीनं भरलेले. त्यात मी मेल्याहून मेल्यासारखी दिसते."

"मर्ना आहे शेजारी," क्लिफ म्हणाला. "मर्ना, ही बेव. माझी बहीण. जी आज फळीवर होती ती."

मर्नाच्या तोंडून जो आवाज निघाला तो नमस्कार नव्हता. हसू होतं, पण ते फुटून बाहेर आलं आणि थांबेना, मग त्यात पाणी आलं आणि तेही थांबेना. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हे, आणि पडताना तो एवढा आवाज करतो हे तिला माहीत नव्हतं. "काय झालं तिला? क्लिफ? मी काही बोलले का?" बेव विचारत होती. "नंतर करतो गं," म्हणून क्लिफनं फोन बंद केला, पूल संपल्याबरोबर ट्रक एका पेट्रोल पंपाच्या कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं.

"बोल."

"मला वाटलं ती नोरीन आहे," मर्ना म्हणाली. त्याच्यासमोर ते नाव पहिल्यांदा तिच्या तोंडून निघालं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. "कठडा तुझा. चौकट शेकोटीवर. मला वाटलं तू नोरीनला आणलंस. दिवसभर मला वाटत होतं."

क्लिफनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिनं त्याच्या तोंडात मारली असावी. "नोरीनला? त्या फळीवर?" त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "मर्ना, खरोखर गेलेल्या माणसाचा फोटो मी सेटवर ठेवत नाही. कधीच नाही. मला हे काम ज्या म्हाताऱ्यानं शिकवलं त्याचा हा पहिला नियम. खोटं मरायला जिवंत माणूसच लागतं, म्हणायचा. म्हणून मी बेवला मारतो. ती संध्याकाळी फोन करून शिव्या देते, मग मला बरं वाटतं." "नोरीन एकदा मेली. मी तिथे होतो. तिला मी परत कशाला मारू?"

मर्ना एवढी वर्षं या धंद्यात होती, पण कंटिन्युइटीवाले वेगळे आणि प्रॉपर्टीवाले वेगळे. त्यांच्या खोक्यांमागे काय नियम चालतात ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं तर सिनेमात दिसतं तेच खरं धरलं. फळीवर बाई म्हणजे गेलेली बाई. शिकलेलं डोळ्यांत असं बसतं. तिला स्वतःची लाज वाटली, पण त्या लाजेतही एवढं सुख होतं की ती पुन्हा हसली. "मग नोरीन आहे कुठे?" तिनं विचारलं. "भिंतीवर नाही, टेबलावर नाही. कुठे ठेवलीस तिला?"

"कपडे धुवायच्या खोलीत," क्लिफ म्हणाला. "वरच्या कपाटात. तू पहिल्यांदा जेवायला येणार होतीस ना, त्या दुपारी उतरवले सगळे. म्हटलं, बिचारी जेवायला येणार आणि जिना चढताना सगळीकडून नोरीन बघणार. नंतर परत लावायचे ते कधी लावायचे कळेना. तू काही विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला नकोत."

"मला वाटलं, तुला बघवत नाहीत."

"मला?" क्लिफ म्हणाला. "मी रोज कपडे धुतो."

हे खरं होतं. या माणसाचे सदरे तिनं कधी मळके पाहिले नव्हते, आणि एकटा माणूस रोज रोज काय धुतो असं तिला वाटायचं. आता ते कळलं तर वाईटही वाटलं, पण हे वाईट वेगळं होतं; हातात धरता येण्यासारखं. घरी पोचल्यावर दोघांनी मिळून कपाटातून खोकं उतरवलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर रिकामं केलं. खिडकीतून संध्याकाळचा तांबूस उजेड येत होता. क्लिफनं पाव, चीज आणि लोणच्याची बरणी काढली, आणि चौकटी एकेक करून तिच्यापुढे सरकवत राहिला. ही टोफिनोची, वारा बघ. ही आमच्या लग्नाची, पाऊस होता. नोरीन बुटकी होती. बहुतेक फोटोंत ती कॅमेऱ्यावर चिडलेली. एका ठिकाणी होडीत तोंड उघडं टाकून झोपलेली. एका ठिकाणी डोक्यावर केस नव्हते, आणि तिथे मात्र ती थेट बघत होती, हसत नव्हती. "पोटाचा कॅन्सर," क्लिफ म्हणाला. "चौदा महिने." त्यानं ते सरळ सांगितलं आणि सांगून झाल्यावर रडला, पावाचा तुकडा हातात धरून, आणि मर्ना त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. मग तो बोलायला लागला तो थांबेचना. नोरीन भात दर वेळी करपवायची. भांडण झालं की गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसायची, रेडिओ लावून. बेवचं आणि तिचं एका कुत्र्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. मर्ना ऐकत होती, लोणचं खात होती, मधेच "हिनं असं केलं? खरंच?" म्हणत होती. तिच्या लक्षात आलं की मनातली ती लांब मानेची बाई कधीच उठून निघून गेली आहे, आणि टेबलावर जी आहे ती कोणा तिऱ्हाईत बाईसारखी आहे, जिच्याशी ओळख करून घ्यायला वेळ लागेल.

तिला टेसाचं ते वाक्य आठवलं. चालेल ना तुम्हाला? ते फोटोला विचारायला तिला लाज वाटली असती. म्हणून तिनं ते क्लिफला विचारलं.

"क्लिफ, खरं सांग. हिला मी आवडले असते?"

सिनेमा असता तर इथे मेणबत्ती हलली असती. क्लिफनं चष्मा काढला, त्या केस गेलेल्या फोटोकडे पाहिलं, मर्नाकडे पाहिलं, आणि एखादं कपाट दारातून जाईल की नाही याचा अंदाज घ्यावा तसा खूप वेळ प्रामाणिकपणे विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही. तिला कोणी पटकन आवडायचंच नाही. मीसुद्धा दोन वर्षं आवडत नव्हतो. तुझं ते दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूंकडे टक लावून बघणं, त्यावरून तर तिनं तुला पहिल्याच दिवशी सुनावलं असतं."

मर्नाला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. परवानगी मागायची नव्हती, मिळणार नव्हती, आणि कोणाला जपण्याचं वचन द्यायचं नव्हतं. एक चिडकी, बुटकी बाई आपल्याला नापसंत करून टेबलावर बसली होती आणि तिच्यासमोर बसून लोणचं खाता येत होतं. मिसेस फंग ओरडणार, भाचा टुणकन उडी मारणार. ओरडू दे, मारू दे.

"मी येतेय राहायला," मर्ना म्हणाली. "महिनाअखेरीला. तिला आवडो न आवडो."